घोटा मुरगळला, सूज उतरली, पण दुखणं जात नाही? ऑपरेशन कधी लागतं आणि नेमकं कोणतं?

१९ ऑक्टोबर २०२३. पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियम. वर्ल्डकपमध्ये भारत विरुद्ध बांगलादेश सामना सुरू होता. हार्दिक पंड्या आपली पहिलीच ओव्हर टाकत होता. लिटन दासने समोर मारलेला बॉल पायाने अडवायला तो गेला आणि त्याचा डावा घोटा मुरगळला. तीन बॉल टाकून तो मैदानाबाहेर गेला, ओव्हरचे उरलेले तीन बॉल विराट कोहलीने टाकले. त्यानंतर पंड्या त्या वर्ल्डकपमध्ये दिसलाच नाही.

पाय मुरगळला एवढ्यासाठी अख्खा वर्ल्डकप हुकतो? आपल्याकडे तर पाय मुरगळणं म्हणजे किरकोळ गोष्ट. हळदीचा लेप लावायचा, क्रेप बँडेज गुंडाळायचं, कुणाकडून तरी पाय चोळून घ्यायचा आणि आठवड्याभरात कामाला लागायचं.

पंड्याच्या बाबतीत इजा लिगामेंटला झाली होती. मुरगळलेल्या बहुतेक पायांचं असंच असतं आणि योग्य काळजी घेतली की ते बरेही होतात. पण काही जणांच्या बाबतीत त्याच झटक्यात आतल्या हाडाला आणि त्यावरच्या कूर्चेला मार बसतो. वरची सूज उतरते, आतलं दुखणं मात्र राहतं. मग महिना जातो, सहा महिने जातात. पोलीस भरतीचा सराव करणारी मुलं, कबड्डी खेळणाऱ्या मुली, दर शनिवार-रविवारी ट्रेकला जाणारे लोक, यांच्यात "एकदा मुरगळला होता, तेव्हापासून असंच आहे" असं सांगणारं कुणी ना कुणी सापडतंच.

अशा वेळी इंटरनेटवर शोधलं की एकीकडे "ऑपरेशनशिवाय नवीन कूर्चा" अशा जाहिराती दिसतात आणि दुसरीकडे अवघड नावांच्या शस्त्रक्रियांची भली मोठी यादी. यातलं खरं काय, कोणतं ऑपरेशन कुणासाठी असतं आणि निर्णय कशावर घ्यायचा, हेच आज समजून घेऊ.

घोट्याच्या आत नेमकं काय असतं?

घोट्याचा सांधा तीन हाडांचा. वरून नडगीचं हाड येतं, बाहेरच्या बाजूने त्याच्या शेजारचं बारीक हाड येतं. या दोघांच्या खोबणीत खालून एक हाड बसतं, त्याचं नाव टॅलस. आपलं सगळं वजन या टॅलसवरून पुढे पायात जातं.

टॅलस थोडं वेगळं हाड आहे. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याचा साधारण ६० टक्के पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा कमी मिळते आणि रक्तपुरवठा मर्यादित राहतो.

कूर्चा, म्हणजेच कार्टिलेज, हा हाडांच्या टोकावरचा गुळगुळीत थर. तिच्यामुळे हाडं एकमेकांवर न घासता सरकतात. पण तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे त्वचेची जखम भरते तशी ती भरत नाही. तिला नसाही नसतात, त्यामुळे फक्त कूर्चेला मार बसला तर ती दुखतही नाही.

मग दुखतं काय? खालचं हाड. पाय आत वळला की टॅलस शेजारच्या हाडावर आपटतं. कूर्चेला आणि तिच्या खालच्या हाडाला तडा जातो. चालताना वजन पडलं की सांध्यातलं पाणी त्या तड्यातून दाबाने हाडात शिरतं. हाडात नसा असतात, म्हणून खोलवर ठणका लागतो. हे बराच काळ चालू राहिलं तर हाडात पोकळी, म्हणजे सिस्ट तयार होते. कूर्चा आणि हाड अशा दोघांना झालेल्या या इजेला डॉक्टर "ऑस्टिओकॉन्ड्रल लिजन" म्हणतात. रिपोर्टवर हा शब्द दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की कूर्चा आणि तिच्या खालचं हाड, दोन्हीला मार आहे.

मग हे लवकर का कळत नाही?

पहिलं कारण आपलं. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला, असं आपण धरून चालतो.

दुसरं कारण एक्स-रे. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही आणि हाडाचा छोटा तडाही बऱ्याचदा निसटतो. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" याचा अर्थ "आत काहीच झालेलं नाही" असा होत नाही.

एक्स-रे कधी काढायचा, याचा एक सोपा नियम जगभर वापरला जातो. तो कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ मध्ये तयार झाला. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याची मागची कड दाबल्यावर हाड दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. पण हा नियम फ्रॅक्चर शोधण्यासाठी आहे, कूर्चेसाठी नाही.

म्हणून सहा आठवडे उलटले तरी खोल ठणका राहत असेल, चालून आल्यावर पुन्हा सूज येत असेल, घोटा अडकल्यासारखा वाटत असेल किंवा सारखा दगा देत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एमआरआयबद्दल विचारायला हवं. एमआरआयमध्ये कूर्चा आणि हाडातली सूज दिसते. ऑपरेशन ठरत असेल तर अनेक डॉक्टर सीटी स्कॅनही सांगतात. एमआरआयमध्ये हाडातल्या सुजेमुळे इजा असते त्यापेक्षा मोठी दिसू शकते, सीटीमध्ये हाडाचं माप नेमकं कळतं. आणि पुढचा सगळा निर्णय या मापावरच ठरतो.

लगेच ऑपरेशन करावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. तुकडा सुटून सांध्यात फिरत नसेल, तर आधी साधारण ३ ते ६ महिने ऑपरेशनशिवाय उपचार करून बघतात. काही आठवडे बूट किंवा प्लास्टर, धावणं-उड्या बंद, मग फिजिओथेरपी. लहान मुलांमध्ये आणि किशोरवयात हाड वाढत असतं, त्यामुळे त्यांच्यात हा मार्ग जास्त यशस्वी होतो. काही जणांच्या एमआरआयमध्ये इजा दिसते पण त्रास काहीच नसतो. अशा वेळी फक्त रिपोर्ट बघून ऑपरेशन करायचं नसतं.

१९५९ मध्ये बर्न्ट आणि हार्टी यांनी या इजेच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्या आजही शिकवल्या जातात. पहिली, हाड दबलेलं. दुसरी, तुकडा अर्धवट सुटलेला. तिसरी, पूर्ण सुटलेला पण जागेवरच असलेला. चौथी, सुटून जागा सोडलेला. चौथ्या पायरीवर वाट बघण्यात अर्थ नसतो, कारण सुटा तुकडा सांध्यातल्या चांगल्या कूर्चेलाही घासत राहतो.

आता ऑपरेशनचे पर्याय बघू

१. तुकडा परत बसवणं. इजा ताजी असेल, तुकडा मोठा असेल आणि त्याला पुरेसं हाड चिकटलेलं असेल, तर तो छोट्या स्क्रूने किंवा पिनने जागेवर बसवतात. साधारण १० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आणि ३ मिलिमीटरपेक्षा जाड तुकडा यासाठी योग्य समजतात. फायदा मोठा, कारण आपली मूळ कूर्चा टिकते. पण यासाठी वेळेत कळणं गरजेचं. वर्षभर अंगावर काढल्यावर हा पर्याय बऱ्याचदा हातून गेलेला असतो.

२. साफसफाई आणि मायक्रोफ्रॅक्चर. लहान इजांसाठी सगळ्यात जास्त केलं जाणारं ऑपरेशन हेच. दुर्बिणीतून, दोन छोट्या छेदांमधून करतात. खराब कूर्चा काढून टाकतात आणि खालच्या हाडाला बारीक भोकं पाडतात. त्यातून अस्थिमज्जेतलं रक्त आणि पेशी वर येतात, त्यांची गाठ बनते आणि त्यातून खड्डा भरतो.

पण खड्डा भरतो कशाने? मूळ कूर्चेने नाही, तर तंतुमय कूर्चेने. रस्त्यावरचा खड्डा डांबराऐवजी मुरुमाने भरावा तसं हे आहे. खड्डा लहान असेल तर चालून जातं, मोठा असेल तर भराव उखडतो. लहान इजांमध्ये या ऑपरेशनला साधारण ८० ते ८५ टक्के यश मिळतं. आधी १५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या इजेला हे ऑपरेशन चालतं असं मानत. नंतरच्या संशोधनाने ही मर्यादा खाली आणून १० मिलिमीटरच्या आसपास ठेवली. म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. त्याहून मोठ्या इजेत निकाल घसरत जातात. काही सर्जन भरावाला आधार म्हणून वरून कोलॅजनचा पडदाही लावतात.

३. उलट्या बाजूने ड्रिलिंग. वरची कूर्चा शाबूत आहे, पण खाली हाडात पोकळी झाली आहे, अशा वेळी चांगली कूर्चा फोडण्यात काय अर्थ? म्हणून हाडाच्या दुसऱ्या बाजूने ड्रिल करून पोकळीपर्यंत जातात आणि गरज पडली तर तिथे हाडाचा भराव घालतात.

४. गुडघ्यातला तुकडा घोट्यात. इजा मोठी असेल, खाली मोठी सिस्ट असेल किंवा मायक्रोफ्रॅक्चर फसलं असेल, तर हा पर्याय समोर येतो. गुडघ्याच्या कमी वजन पडणाऱ्या भागातून कूर्चा आणि हाड असा नळकांडीसारखा तुकडा काढतात आणि घोट्यातल्या खड्ड्यात ठोकून बसवतात. अनेक छोटे तुकडे शेजारी शेजारी बसवण्याची पद्धत हंगेरीचे सर्जन लास्लो हँगोडी यांनी १९९० च्या दशकात रुजवली.

यात खड्डा खऱ्या कूर्चेने भरतो, हा फायदा. पण त्याची किंमतही आहे. तिथपर्यंत पोचायला बऱ्याचदा घोट्याच्या आतल्या बाजूचं हाड कापून बाजूला करावं लागतं आणि नंतर स्क्रूने जोडावं लागतं. शिवाय चांगल्या गुडघ्यातून तुकडा घेतल्यामुळे काही रुग्णांना पुढे गुडघेदुखी होते. ज्याला धावायचंय, उकिडवं बसायचंय, त्याने हा प्रश्न आधीच विचारायला हवा. परदेशात मृत दात्याच्या घोट्याचा ताजा तुकडाही वापरतात, पण आपल्याकडे अशा ताज्या तुकड्यांची उपलब्धता फारच कमी आहे.

५. पेशी वाढवून बसवणं. आपल्याच कूर्चेचा कण काढायचा, प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवायच्या आणि काही आठवड्यांनी त्या खड्ड्यात बसवायच्या. म्हणजे दोन टप्पे आणि जास्त खर्च. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये याचे निकाल जगासमोर मांडले, पण ते गुडघ्याचे होते. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये पडद्यावर वाढवलेल्या अशा पेशींना मान्यता दिली, तीही गुडघ्यासाठी. गुडघ्याचे निकाल जसेच्या तसे घोट्याला लावता येत नाहीत. घोट्यातली कूर्चा पातळ असते, सांधा घट्ट असतो आणि वजन छोट्याशा जागेवर पडतं.

६. मूळ कारण दुरुस्त करणं. हा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. लिगामेंट सैल असेल तर घोटा पुन्हा पुन्हा मुरगळणार आणि नवा भराव पुन्हा चेंगरणार. टाच आत किंवा बाहेर कललेली असेल तर वजन एकाच बाजूला पडणार. म्हणून अनेकदा कूर्चेच्या ऑपरेशनसोबतच लिगामेंट घट्ट करतात किंवा टाचेचं हाड कापून सरळ करतात. छतावर पत्रा नवा घातला आणि वासा तसाच वाकडा ठेवला, तर गळती थांबत नाही.

आणि पूर्ण सांधाच झिजला तर?

इथे गॅब्रिएल बातिस्तुताची गोष्ट सांगायला हवी. अर्जेंटिनाचा हा स्ट्रायकर, फिओरेंटिना आणि रोमाचा हिरो. २००५ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या घोट्यांत कूर्चा जवळपास उरलीच नव्हती. पुढे २०१४ मधल्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं, की रात्री काही पावलांवरच्या टॉयलेटपर्यंतही चालता यायचं नाही. वेदना इतक्या होत्या, की त्याने डॉक्टरांना पाय कापून टाका असं सांगितलं. डॉक्टरांनी अर्थातच नकार दिला. शेवटी २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात त्याच्या डाव्या घोट्यात कृत्रिम सांधा बसवला गेला.

सांधा असा पूर्ण झिजल्यावर छोटे खड्डे भरून उपयोग नसतो. तेव्हा मुख्य पर्याय दोन. एक, हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकायची. घोट्याची हालचाल थांबते, पण दुखणंही थांबतं. दोन, कृत्रिम सांधा बसवायचा. हालचाल टिकते, पण सांधा झिजू शकतो आणि पुन्हा ऑपरेशन लागू शकतं.

यातलं चांगलं कोणतं? ब्रिटनमध्ये ५० ते ८५ वयाच्या ३०३ रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झाला, निकाल २०२२ मध्ये आले. वर्षभरानंतर दोन्ही गटांतल्या लोकांना बराच फरक पडला होता, आणि दोन्हींपैकी एक ठळकपणे सरस ठरलं नाही. कृत्रिम सांध्यात जखम भरण्याचे त्रास जास्त दिसले, जोडण्यात हाड न जुळण्याचे. म्हणजे "नवीन ते चांगलं" असं गणित इथे चालत नाही. वय, काम आणि शेजारच्या सांध्यांची अवस्था बघून ठरवावं लागतं.

रीलमधल्या इंजेक्शनचं काय?

"एक इंजेक्शन, नवीन कूर्चा" अशा रील्स तुमच्याही फीडमध्ये आल्या असतील. त्यातलं एक नाव म्हणजे पीआरपी. आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेट्सचा भाग सांध्यात टोचतात.

नेदरलँड्समध्ये घोट्याचा सांधा झिजलेल्या १०० रुग्णांवर याची चाचणी झाली. काहींना पीआरपी दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाइन. कुणाला काय दिलंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. २०२१ मध्ये निकाल आला. २६ आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच होते. बरं वाटलं, पण ते सलाइनवाल्यांनाही वाटलं. ही चाचणी झिजलेल्या सांध्यावरची होती, ताज्या इजेवरची नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण "नवीन कूर्चा" म्हणून पैसे मोजण्याआधी ती माहीत असायला हवी.

दुसरं नाव स्टेम सेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यावर स्पष्ट आहेत. ठरावीक आजारांसाठी होणारं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकीचे स्टेम सेल वापर संशोधनाच्या कक्षेत येतात. काही मोजक्या उत्पादनांना देशात परवानगी मिळाली आहे, पण ती ठरावीक आजारासाठी असते. म्हणून प्रश्न सरळ विचारा: "याला माझ्या घोट्यासाठी परवानगी आहे का? की हा प्रयोग आहे?" प्रयोग असेल तर तो नोंदणी झालेल्या चाचणीत, लेखी संमतीने व्हायला हवा.

पैसा आणि वेळ

ऑपरेशन थिएटरमधले दोन तास हा सगळ्यात छोटा हिशोब. खरा खर्च नंतरच्या महिन्यांचा असतो. मायक्रोफ्रॅक्चरनंतर काही आठवडे कुबड्या आणि खेळाकडे परतायला साधारण ४ ते ६ महिने. हाड कापून तुकडा बसवला असेल तर वजन टाकायलाच ६ ते ८ आठवडे, आणि खेळायला ६ महिने ते वर्ष. भरतीच्या मैदानात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. तारीख जवळ आली म्हणून पेनकिलर घेऊन धावलं, तर लहान इजेची मोठी होते आणि सोपं ऑपरेशन हातून जातं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला तर हे महिने म्हणजे बुडालेली रोजी असते.

किमतींचं बोलायचं, तर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली ती गुडघ्याच्या. ते दर बघून घोट्याच्या खर्चाचा अंदाज बांधू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण प्रत्येक ऑपरेशन यादीत असतंच असं नाही. ॲडमिट होण्याआधी त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नाव सांगून विचारा. खासगी विमा असेल तर मंजुरी आधी लेखी घ्या.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा

१. माझी इजा किती मिलिमीटरची आहे, आणि हाडात सिस्ट आहे का?
२. वरची कूर्चा शाबूत आहे की फाटली आहे?
३. माझं लिगामेंट सैल आहे का? टाच सरळ आहे का?
४. हेच ऑपरेशन का, आणि हे फसलं तर पुढचा पर्याय काय उरतो?
५. मी पायावर वजन कधी टाकेन, कामावर कधी जाईन, धावेन कधी?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लहान ऑपरेशन फसलं तरी बऱ्याचदा मोठं करता येतं, पण मोठं करून बसलं की मागे येता येत नाही. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर माप न सांगता "बघू, आत गेल्यावर कळेल" एवढंच मिळत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका.

थोडक्यात काय, तर कोणतं ऑपरेशन हे नावावरून किंवा नवेपणावरून ठरत नाही. ते इजेच्या मापावरून, खोलीवरून आणि ती कधी कळली यावरून ठरतं. यातली पहिली दोन उत्तरं स्कॅन देतो. तिसरं मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, "मुरगळलाय फक्त, होईल बरा," तर कॅलेंडरवर सहा आठवडे मोजा. तोवर बरा झाला नाही, तर चोळणं थांबवा आणि दाखवून या.